डबा महिनाभर पुरला तर समजा चुकलं: वृद्धांसाठीच्या पोषण-पावडरी आणि पोषणपेयांचं परीक्षण

वयस्कर माणसाची अन्नावरची वासना उडाली, कपडे ढगळ व्हायला लागले, की घरात सगळ्यात आधी येतो तो पोषण-पावडरीचा डबा. पुढचा क्रमही बहुतेक ठरलेला असतो. रोज सकाळी कपभर दुधात दोन चमचे पावडर, डबा महिनाभर पुरतो, वजनकाटा जागचा हलत नाही आणि शेवटी शेरा येतो: 'या पावडरींत काही दम नाही.'

शेरा मारण्याआधी डब्याच्या मागच्या बाजूचं कोष्टक वाचावं. 'संपूर्ण पोषण' म्हणून विकल्या जाणाऱ्या साध्या पावडरीत १०० ग्रॅममागे साधारण ४२० ते ४५० कॅलरी आणि १५-१६ ग्रॅम प्रथिनं असतात. म्हणजे ४०० ग्रॅमच्या अख्ख्या डब्यात मिळून १,७०० ते १,८०० कॅलरी. त्या तीस दिवसांवर वाटल्या तर रोजच्या वाट्याला साठेक कॅलरी येतात. एवढ्यावर कुणाचं वजन वाढणार? वृद्धांच्या पोषणाबद्दल 'एस्पेन' या युरोपीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांच्यानुसार अशा पूरक पेयातून दिवसाला किमान ४०० कॅलरी आणि ३० ग्रॅम प्रथिनं मिळायला हवीत, आणि ते निदान महिनाभर चालू ठेवायला हवं. ४०० कॅलरी म्हणजे ९० ते ९५ ग्रॅम पावडर. या हिशेबाने डबा चार दिवसांत संपतो. विकत घेण्याआधी हा हिशेब केलेला बरा, कारण महिन्याला सात-आठ डबे झेपणार नसतील तर दुसरा मार्ग आहे. तो पुढे येईलच.

आणखी एक मेख. त्या ९०-९५ ग्रॅम साध्या पावडरीतून प्रथिनं जेमतेम १४ ग्रॅम मिळतात, म्हणजे हव्या त्याच्या निम्मी. उरलेली भरून काढायची तर जास्त प्रथिनांचा प्रकार घ्यावा किंवा पावडर पाण्याऐवजी दुधात कालवावी. २०० मिली दुधातून ६-७ ग्रॅम प्रथिनं येतात. दोन ग्लासांत ती तूट जवळजवळ भरून निघते. उतारवयात प्रथिनांकडे जास्त लक्ष द्यायचं ते स्नायूंसाठी. नुसत्या साखर-पिठावर वजन वाढलं तर ती चरबी असते; खुर्चीतून उठताना तिचा उपयोग नाही. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात, आजारपणात १.२ ते १.५. पन्नास किलोच्या माणसाला म्हणजे ५० ते ७५ ग्रॅम. जेवणात ३०-३५ ग्रॅमच पोटात जात असतील तर बाकीची कुठून यायची, हे उघड आहे.

पावडर कालवण्याची रीत

रीत सोपी आहे, तरी चुका इथेच जास्त होतात. बहुतेक डब्यांवर एका ग्लासासाठी साधारण ५०-५५ ग्रॅम पावडर आणि १९० मिली पाणी असं प्रमाण असतं. त्याचं २३० मिलीच्या आसपास पेय होतं आणि त्यात तितक्याच कॅलरी असतात. ही पावडर डब्यातल्या स्कूपने पाच-सहा स्कूप भरते. 'दोन चमचे' कुठे आणि सहा स्कूप कुठे! स्कूप सपाट भरायचा. शीग लावायची नाही आणि दाबूनही भरायचा नाही. प्रत्येक कंपनीचा स्कूप वेगळा असल्यामुळे जुन्या डब्यातला स्कूप नव्या डब्यात वापरू नये.

आधी उकळून कोमट केलेलं पाणी घ्यावं, मग थोडी थोडी पावडर टाकत ढवळावं. उलट केलं, म्हणजे पावडरीवर पाणी ओतलं, तर तळाशी गोळा बसतो. पाणी कडकडीत असेल तर गुठळीचं बाहेरचं कवच लगेच शिजतं आणि आत कोरडी पावडर तशीच राहते. मग कितीही ढवळा, ती फुटत नाही. फेटल्यावर फेस येतो. दोन-तीन मिनिटं तो बसू द्यावा, नाहीतर पिणाऱ्याच्या पोटात हवाच जास्त जाते आणि 'पोट गच्च झालं' म्हणून अर्धा ग्लास परत येतो. कालवलेलं पेय लगेच प्यावं, किंवा झाकून फ्रिजमध्ये ठेवून २४ तासांच्या आत संपवावं. उघडलेला डबा मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये; आत दमटपणा धरतो. झाकण घट्ट, स्कूप कोरडा, आणि उघडल्यावर लेबलवर दिलेल्या मुदतीत, सहसा तीनेक आठवड्यांत, संपवायचा. नेमक्या मात्रेत दिलं तर ती मुदत गाठायची वेळच येत नाही.

दुधात कालवणार असाल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण ग्लास देऊ नका. पेय दाट होतं, आतड्यात पाणी ओढून घेतं आणि जुलाब होतात. मग दोष पावडरीवर येतो आणि डबा कपाटात जातो. पहिले दोन दिवस अर्धा ग्लास, तोही घोट घोट करत अर्ध्या-पाऊण तासात. चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण मात्रा. एवढं करूनही पोट बिघडलं तर लेबलवर दुग्धशर्करा आणि तंतू किती आहेत ते पाहा. तंतू घातलेला प्रकार बद्धकोष्ठाला चांगला, पण काहींना त्याने गॅस होतो.

तयार बाटल्या

पावडरीपेक्षा महाग, पण ज्यांचं पोट चार घोटांत भरतं त्यांच्यासाठी आमची पसंती यांनाच. नेहमीची बाटली २०० मिलीची असते. दर मिलीला दीड कॅलरी, म्हणजे बाटलीमागे ३०० कॅलरी आणि साधारण १२ ग्रॅम प्रथिनं. त्याहून दाट प्रकार १२५ मिलीचा: दर मिलीला २.४ कॅलरी, म्हणजे अर्ध्या कपाहून थोड्या जास्त पेयात त्याच ३०० कॅलरी. साध्या पावडरीच्या पेयातून तेवढ्या कॅलरी मिळवायला ३०० मिली प्यावं लागतं. भूक मेलेल्या माणसाला ३०० मिली म्हणजे डोंगर असतो. लहान बाटली अगदी दाट आणि गोडमिट्ट असते, जिभेवर तिचा थर बसतो. वर दोन घोट पाणी दिलं की भागतं. उघडलेली बाटली खोलीच्या तापमानाला चार तास, फ्रिजमध्ये २४ तास. उशाशी ठेवून दिवसभर चघळत बसण्यासारखी ही वस्तू नाही.

फळांच्या रसासारखा पातळ, दुधाचा अंश न जाणवणारा प्रकारही मिळतो. दुधाच्या वासानेच ज्यांना मळमळतं त्यांना तो उतरतो. त्यात स्निग्धांश नसतो, प्रथिनं कमी आणि साखर भरपूर. मधुमेह्यांना तो देऊ नये. पुडिंगसारखा चमच्याने खायचा प्रकार चवीला बरा असतो, आणि पातळ पदार्थाने ठसका लागणाऱ्यांना तो पेयापेक्षा सोयीचा.

कधी द्यायचं

दोन जेवणांच्या मध्ये, पुढच्या जेवणाच्या दीड-दोन तास आधी, आणि रात्री झोपण्यापूर्वी. जेवणाच्या ताटाबरोबर ग्लास ठेवला तर माणूस ग्लास पितो आणि ताट सारतो. दिवसाचा हिशेब होता तिथेच राहतो. वय वाढतं तसं जठर हळू रिकामं होतं आणि पोट भरल्याची सूचना देणारी संप्रेरकं जास्त वेळ प्रभावी राहतात, त्यामुळे मधल्या वेळचं ओझं पुढच्या जेवणापर्यंत टिकतं. रात्रीच्या ग्लासाला ही अडचण नाही. एकच ग्लास जमणार असेल तर तो रात्रीचा असावा असं आमचं मत.

एवढंही झेपत नसेल तेव्हा रुग्णालयांत आणि वृद्धाश्रमांत वापरली जाणारी युक्ती घरीही करता येते. दर मिलीला दोन कॅलरीचं पेय, दिवसातून चार वेळा, औषधाच्या वेळी ६० मिली. औषधाच्या पेल्याएवढी मात्रा, कुणी 'नको' म्हणत नाही, आणि दिवसाअखेर ४८० कॅलरी पोटात गेलेल्या असतात. पण कुठली औषधं या पेयाबरोबर चालत नाहीत हे आधी पाहायला हवं. थायरॉइडची गोळी, हाडांसाठीची अलेंड्रोनेट आणि सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी काही अँटिबायोटिक्स साध्या पाण्याबरोबरच घ्यायची. पेयातल्या कॅल्शियम-लोहामुळे ती नीट शोषली जात नाहीत. पार्किन्सन्ससाठीच्या लेव्होडोपाशी प्रथिनांची शोषणासाठी स्पर्धा होते आणि हातापायांचा ताठरपणा परत येतो. फिटसाठीच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी घसरू शकते. रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच पेय सुरू करावं आणि बंदही सांगूनच करावं, कारण पेयात के जीवनसत्त्व असतं आणि रक्ताच्या तपासणीचा आकडा हलतो.

चव हा या सगळ्या मालाचा कच्चा दुवा आहे. व्हॅनिला पहिल्या आठवड्यात आवडतो, तिसऱ्या आठवड्यात त्याचा वासही नको होतो. म्हणून एकाच चवीचे सहा डबे एकदम आणू नयेत. थंड केलं की वास आणि गोडवा दोन्ही दबतात. झाकणाच्या पेल्यातून स्ट्रॉने दिलं तर वास आणखी कमी येतो. थोडी कडक कॉफी घातली तर गोडमिट्टपणा मोडतो. गरम हवं असेल तर कोमटच करावं. उकळलं तर प्रथिनं फाटतात आणि काही जीवनसत्त्वंही जातात. आंबट रसात दुधाचा प्रकार मिसळला तरी तो फाटतो. आणि पिऊन झाल्यावर चूळ भरायलाच हवी. गोड, चिकट पेयाचे घोट दिवसभर घेतले तर उरलेले चार दातही किडतात.

शेजारच्या फळीवरचे डबे

माल्टची आरोग्यपेयं याच फळीवर असतात आणि पुष्कळदा चुकून तीच उचलली जातात. त्यांचा मोठा भाग धान्याचं पीठ आणि साखर. प्रथिनं कमी, आणि घ्यायची मात्राच दोन चमच्यांची. दुधाला चव आणायला ठीक. झडत चाललेलं मांस त्यांनी भरून येत नाही.

व्यायामशाळेतल्या व्हे प्रोटीनची गोष्ट उलटी. तीस ग्रॅमच्या स्कूपमागे २०-२४ ग्रॅम प्रथिनं, पण कॅलरी फक्त १२०च्या आसपास, आणि प्रथिनं पोट लवकर भरवतात. जो माणूस मुळातच कमी खातो त्याला नुसतं हेच दिलं तर तो जेवण आणखी कमी करतो. जेवणातून कॅलरी पुरेशा जात असतील आणि प्रथिनंच कमी पडत असतील, तर ते कामाचं.

आता तो दुसरा मार्ग. अर्धा लिटर सायीसकट दुधात ५० ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर फेटली की सुमारे ५०० कॅलरी आणि ३४ ग्रॅम प्रथिनं होतात. एस्पेनचे दोन्ही आकडे यात ओलांडले जातात, आणि खर्च डब्याच्या मानाने किरकोळ. हे दूध पिता येतं, किंवा जिथे जिथे साधं दूध वापरता तिथे घालता येतं. जेवणात मोठा चमचाभर तेल किंवा वितळलेलं लोणी वरून मिसळलं की शंभर-सव्वाशे कॅलरी वाढतात आणि ताट मोठं दिसत नाही. डब्यातली सगळी जीवनसत्त्वं आणि खनिजं या दुधात नसतात, हे खरं. पण भूक थोडी मंदावलेली, वजन किलो-दीड किलो घटलेलं आणि दूध पचणारं असेल, तर डबा आणण्याआधी महिनाभर हेच करून पाहावं. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र नाही: दुधाच्या पावडरीत फॉस्फरस आणि पोटॅशियम बरंच असतं.

डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये

मधुमेह्यांसाठीच्या डब्यात हळू पचणारी कर्बोदकं असतात. साध्या पावडरीतलं माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून काढलेलं कर्बोदक) साखरेइतक्याच वेगाने रक्तात उतरतं, म्हणून 'साखर घातलेली नाही' एवढं वाचून डबा उचलू नये. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी दोन प्रकार येतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. डायलिसिस चालू नसलेल्यांसाठी प्रथिनं कमी, डायलिसिसवाल्यांसाठी जास्त. डबे दिसायला सारखेच असतात, त्यामुळे दुकानदाराने 'किडनीवाला' म्हणून दिलेला डबा लेबल वाचून घ्यावा.

सगळ्यात मोठा धोका उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरवण्यात आहे. दहाहून जास्त दिवस पोटात जवळजवळ काही गेलेलं नाही, तीन ते सहा महिन्यांत वजन पंधरा टक्क्यांहून जास्त घटलंय, किंवा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) १६च्या खाली आहे, अशा व्यक्तीला पहिल्याच दिवशी तीन-चार बाटल्या दिल्या तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं. हृदयाचे ठोके बिघडून जीवही जाऊ शकतो. इथे सुरुवात रक्त तपासून, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) देऊन, अगदी थोड्या कॅलरींनी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होते.

पाणी पितानाही ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर पातळ पेय श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पेय किती घट्ट हवं हे गिळण्याच्या तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावं. घट्ट करणारी पावडर आणताना स्टार्चपेक्षा झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची घ्यावी. स्टार्चचा घट्टपणा लाळेने मोडतो. पेल्यात लाळ मिसळली की पेय पुन्हा पातळ होतं. दुधाळ पोषणपेय घट्ट व्हायला पाण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. दोन मिनिटांत झालं नाही म्हणून आणखी पावडर टाकली, तर दहा मिनिटांनी त्याची खळ झालेली असते.

या मालाकडून किती अपेक्षा ठेवावी

थोडी. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २००९ सालच्या आढाव्यात ६२ चाचण्या तपासल्या होत्या. त्यांत वृद्धांचं वजन अशा पूरकांनी वाढतं हे सातत्याने दिसलं, पण ती वाढ सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास होती, म्हणजे पन्नास किलोला एक किलो. वृद्धांवर उपचार करणाऱ्यांची अमेरिकन जेरिअ‍ॅट्रिक्स सोसायटी तर एक पाऊल पुढे जाते: भूक वाढवणारी औषधं आणि जास्त कॅलरीची पूरकं सरसकट देऊ नका; आधी भूक मारणारी औषधं थांबवा, आवडीचं जेवण द्या, भरवायला आणि सोबतीला माणूस द्या. पूरकांच्या बाबतीत ही भूमिका आम्हाला थोडी कडक वाटते, कारण आजारपणातून उठलेल्या माणसाला या बाटल्यांनी आधार मिळतो. औषधांच्या बाबतीत मात्र ती तंतोतंत पटते. भुकेसाठी दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी मेजेस्ट्रॉलने रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. सिप्रोहेप्टाडीनने वृद्धांना गुंगी, गोंधळ, लघवी अडकणं असे त्रास होतात. मिर्टाझापीन नैराश्य असेल तरच. 'भुकेचं टॉनिक' म्हणून मिळणाऱ्या बाटलीवर सिप्रोहेप्टाडीनचं नाव आहे का, तेवढं पाहून घ्यावं.

कारण शोधायचं राहून गेलं तर डबा हा पैशांचा चुराडा आहे. औषधांची सगळी पाकिटं एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावीत. मेटफॉर्मिन, डिगॉक्सिन, स्मृतिभ्रंशासाठीचं डोनेपेझिल, वेदनेसाठीची अफूवर्गी औषधं, फ्लुओक्सेटिन, लोहाच्या गोळ्या, यांपैकी कुणीही भूक मारत असू शकतं; मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूची चव येते. मग तोंड उघडून पाहावं. जिभेवर पांढरा थर आहे का, कवळी हलते का? वजन घटलं की हिरड्याही आक्रसतात, कवळी सैल होते, चावताना टोचते, खाणं आणखी घटतं. हे चक्र पोषणपेयाने नाही, कवळी दुरुस्त करून तुटतं. बद्धकोष्ठ, नैराश्य, थायरॉइडचा अतिरेक, क्षयरोग, कर्करोग, एकट्याने जेवण्याचा कंटाळा, सगळ्यांचा चेहरा सुरुवातीला एकच असतो: 'जेवण जात नाही.' प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन पाच टक्के घटलं, म्हणजे साठ किलोचे सत्तावन्न झाले, तर वयाकडे बोट दाखवून गप्प बसू नये, तपासण्या करून घ्याव्यात.

फरक पडतोय की नाही हे आठवड्यातून एकदा, सकाळी, लघवी झाल्यावर, सारख्याच कपड्यांत वजन करून पाहावं. रोज करू नये. किलोभर इकडेतिकडे पाण्यानेच होतं. चार दिवसांत दोन किलो वाढले आणि घोट्यावर बोटाने दाबलेला खड्डा तसाच राहत असेल तर ते पाणी आहे. हृदयाच्या रुग्णाला त्याच दिवशी दाखवावं. काट्यावर उभं राहता येत नसेल तर पोटरीचा घेर टेपने मोजावा, सगळ्यात जाड भागावर. ३१ सेंटिमीटरच्या खाली असेल तर स्नायू घटल्याची शंका घ्यावी. प्यालेल्या मिलीची नोंद ठेवावी, दिलेल्या नव्हे. कुंडीत ओतलेला ग्लासही 'दिला' या खात्यात जमा होत असतो.

महिन्याभराने हिशेब मांडावा. मात्रा पूर्ण पोटात जाऊनही वजन घटतच असेल तर चव बदलत बसण्यात अर्थ नाही, पुन्हा डॉक्टरांकडे जावं. वजन स्थिर झालं आणि ताट पाऊण तरी संपायला लागलं की आधी दिवसाचा ग्लास बंद करावा. रात्रीचा आणखी दोन-तीन आठवडे ठेवून, काटा खाली येत नाही हे पाहून, मग तोही थांबवावा.